उमरेडची टेप

प्रताप नगर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

संध्याकाळपासून तो ‘खट्’ डोक्यातून जात नाही.

उमरेडच्या विणकर देवकाबाईंचा मुलगा गोविंदा आज एसटीने विद्यापीठात, आमच्या भाषा विभागात आला. आई दिवाळीत गेली. सहा वर्षांपूर्वी मी तिची बोली टेप केली होती, हे त्याच्या लक्षात होतं. म्हणाला, “मायचा आवाज एकडाव ऐकवा जी.”

टेप लावली. हात. पाय. चूल. पाणी. मी विचारलेले शब्द ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणत होती. मध्येच म्हणाली, “माह्या गोविंदाले ना, लहानपणी...” आणि खट्.

टेप महाग. कुणी माझ्या शब्दांच्या यादीबाहेरचं बोलू लागलं की मी यंत्र बंद करायचो. विद्यार्थ्यांनाही तेच शिकवलं. त्याच यादीवर प्रबंध झाला, नोकरी पक्की झाली.

“काहून बंद केलं जी? माय काय सांगून राहिली होती?”

काय सांगणार? मला आठवत नाही. ऐकत होतो कुठे मी? पुढचा शब्द शोधत होतो.

तेवढंच पुन्हा लावा म्हणाला. चारदा लावलं. चारही वेळा तो ‘खट्’च्या आधी पुढे वाकला, या खेपेला तरी मी तिला बोलू देईन म्हणून.