विंचूरच्या पाहुण्यांना नाही म्हटलं

नाशिक रोड,
डिसेंबर १९८४

अहो,
सप्रेम जयभीम.

अकरावीत आपल्या प्रज्ञाला जेमतेम मार्क पडले, तेव्हा तुम्ही छावणीतून लिहिलंत, "बारावी झाली की विंचूरच्या मुलाचं बघू." पोरगी दुसऱ्या दिवशी मला ओढत डी.एड. कॉलेजात घेऊन गेली आणि तिथल्या बाईंना सरळ म्हणाली, "मला शिक्षिका व्हायचंय, पण मार्क कमी आहेत. आतापासून काय करू?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बारावीचे मार्क वाढव. आणि एखादा खेळ मनापासून खेळ. खेळाडूंना थोड्या जागा असतात."

तेव्हापासून ती सकाळी खो-खो खेळते आणि संध्याकाळी मी भाकरी थापत असताना शेजारी बसून मोठ्यानं धडे वाचते. सरावाला कुणी नसलं की मीच पदर खोचून तिच्यामागे पळते. कॉलनीतल्या बायका हसतात, मग मलाही हसू येतं. सहामाहीत तिचे मार्क वाढले. काल जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तर वेडी घरी आली ती रडतच.

आता खरं सांगते. परवा विंचूरचे पाहुणे आले होते. तुम्हाला न विचारता मी त्यांना नाही म्हटलं.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. टाकलं तर तिकडे एकटेच वाचाल, रागवाल आणि जेवायचे नाही. त्यापेक्षा 'सुट्टीवर या' एवढंच कार्ड टाकते, हे पत्र इथे आल्यावर हातात देईन. आधी पोरीला मैदानावर पळताना बघा. मग माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, मी समोरच असेन.

तुमचीच,
सुमन