आमच्या शिवारातल्या नावांचं रजिस्टर

१ डिसेंबर, सकाळी ६
एकतीस वर्षं दारव्ह्याला ऑफिसात फायली लावल्या. आता रिटायर होऊन गावी. आजपासून शिवारातल्या प्रत्येक नाल्याचं, टेकाडाचं, विहिरीचं नाव रजिस्टरवर घेणार. सरपंच घनश्यामराव म्हणाले, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुस्तिका काढू. कव्हरवर माझं नाव. टार्गेट दोनशे. रोज चार म्हटलं तरी आरामात.

२ डिसेंबर
रजिस्टरला खाकी कव्हर घातलं. सात कॉलम आखले. नावं शून्य. पाया पक्का पाहिजे.

६ डिसेंबर
तानाबाई भेटली. चाळीस वर्षं साऱ्या गावाच्या वावरात निंदण, वेचणी करते. तीन नावं सांगितली: म्हैस फसली तो नाला, जावई पडला ती विहीर, रुपीबाई रुसली ते टेकाड. म्हटलं, बाई, अधिकृत नाव सांग. तर म्हणे, जावई पडला त्याले मी काय करू! जागेवर काही झालं का नाव आपसूकच पडते म्हणे. असलं छापतात का? तिच्यासमोरच तिन्ही खोडली. सौ. मंजुषा तिथंच होती, तानाबाईच्या मागे निघून गेली. तिला रिसर्च कळत नाही.

१४ डिसेंबर
थंडी फार. घरूनच काम. रुपीबाईच्या टेकाडाला सभ्य नाव दिलं: श्रीकृष्ण पॉइंट. (योगायोगाने माझंही नाव श्रीकृष्ण.) ऑइल पेंटने पाटी रंगवून टेकाडावर लावून घेतली.

१९ डिसेंबर
पाटी गायब. एका गोठ्याच्या दाराला ठोकलेली दिसली. उलटी.

३ जानेवारी
नाल्याकाठच्या चिंचेवर चढून सर्व्हे केला. खाली काळं रानडुक्कर होतं, पण त्याचा संबंध नाही. वेळ तीन तास. मग वेचणीच्या बाया आल्या. तानाबाईने डुकराला नावाने हाक मारली. तिच्या म्हशीचं वगार निघालं. सरपंचांनी शिडी आणली. पँट फाटली. वरून शिवार छान दिसतं.

१२ जानेवारी
कमरेत लचक. आता रोज पंधरा नावं घ्यावी लागतील. होईल. मंजुषा रोज दुपारी तानाबाईकडे तुरीच्या शेंगा सोलायला जाते. सोबत जुन्या कॅलेंडरची पानं नेते. कायले, विचारलं. फोलपटं भराले, म्हणाली.

२५ जानेवारी
एकूण नावं: एक. तेही मीच दिलेलं. प्रस्तावना मात्र तयार आहे, चार पानं. घनश्यामरावांना मुदतवाढ मागितली. ते म्हणाले, कायले? पुस्तिका तर छापून आली. हा माणूस काहीतरी घोळ करून राह्यला.

२६ जानेवारी, दुपारी २
पुस्तिका निघाली. दोनशे सोळा नावं. कव्हरवर: सांगणार तानाबाई, लिहिणार मंजुषा. लय वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मंजुषा म्हणाली, तुम्ही नावं खोडली त्या दिवशी तानाबाई घरी जाऊन रडली होती. मले काय माहीत! मले कोणी सांगितलंच नाही. रुपीबाईचं टेकाड आहे. श्रीकृष्ण पॉइंट नाही. शेवटचं, नंबर २१६: सायेब अटकला ती चिंच. मी लेखी हरकत घेणार.

संध्याकाळी ६.३०
तानाबाई वगार शोधत आली. मी मघाशी पाहिलं होतं. नाल्याकाठी, चिंचेपाशी, म्हणालो. नाल्याकाठी नऊ चिंचा हायेत, कोणत्या, म्हणे. वगार लहान, अंधार पडत आलेला. सांगितलं, सायेब अटकला त्या.

पाच मिनिटांत सापडलं.