ओली चप्पलवाल्याचा बाप

प्रिय अंकुश,

रविवारी तुमच्या ‘ओली चप्पल’ बँडचा कार्यक्रम नागपुरात आहे, हे मला तुझ्याकडून नाही, समोरच्या घरातल्या दीक्षाकडून कळलं. ती असंही म्हणाली की तुम्ही पोरं त्याच दिवशी पुण्याहून येणार, हॉटेलात उतरणार आणि कार्यक्रम संपला की परत जाणार. म्हणजे घरी येणार नाहीस. हे पत्र एवढ्याचसाठी की रविवारपर्यंत थांबू नकोस. बुधवारी घरी ये. कारण लिहितो, पण पोटात जे साचलं आहे ते आधी बाहेर पडू दे, नाही तर मला कारण नीट लिहिता यायचं नाही.

मागच्या धम्मचक्र दिनाला आलास, तेव्हा तुझ्या ढोलवाल्या रजतसमोर मी म्हणालो की तुमची गाणी ऐकून मला मळमळतं. तेव्हापासून तुझा फोन आईच्याच मोबाइलवर येतो. मी ते शब्द परत घेत नाही. मला अजूनही मळमळतं. आपल्या वस्तीत भीमगीतांच्या गायन पार्ट्या होत्या. एक हार्मोनियम, एक ढोलक, मागे कोरसवाले. गाणं ऐकून वाकलेला माणूस ताठ उभा राहायचा. तुमचं ‘मोरीतला केस’ ऐकून माणूस हात धुवायला उठतो. त्यातली ती घळघळ, गुडगुड आपल्याच मोरीची आहे हे मी पहिल्यांदा ऐकताच ओळखलं. तू मोबाइल पिशवीत गुंडाळून जाळीपाशी ठेवला होतास आणि मला वाटलं होतं पोरगा नळ दुरुस्त करतोय, शहाणा झाला! ‘तर्रीवरची माशी’ लागलं की माझा तर्री-पोह्यांवरचा जीव उडतो. आणि तुझी आई तेच गाणं लावून पोहे करते. मी ओरडलो तर म्हणते, “अजी, माशी गाण्यात आहे, तुमच्या ताटात नाही. काहून चिडता?”

ही दीक्षा कॉलेजात जाते आणि मोबाइलवर तुमच्या बँडचं एक पान चालवते. कोणाला माहीत नसलेल्या गोष्टी त्यावर टाकते म्हणे. तुमच्यासारखंच तिचंही डोकं फिरलेलं आहे. रोज आमच्या ओट्यावर येऊन बसते आणि विचारते, “आबा, हे खरं आहे का? ते खरं आहे का?” लोकांनी काय काय लिहून ठेवलं आहे ते ऐकून मला हसावं की थुंकावं ते कळत नाही. त्या माशीचा आवाज म्हणे परदेशातल्या महागड्या यंत्रातून काढला आहे. मी सांगितलं, तो आमच्या मिक्सरचा आहे, रिकामं भांडं लावून फिरवलेला. ‘पालीचा वाढदिवस’मध्ये पाल चुकचुकते ती पाल नाहीच, कुहीची वच्छला आत्या आहे. ती कोणाचंही बोलणं ऐकताना जीभ टाळ्याला लावून च्च च्च करते. तिला हे कळलं तेव्हा रागावेल असं वाटलं होतं. ती तर साऱ्या गावाला सांगत सुटली की मी पाल झाले! भिवापूरच्या मिरचीवरच्या गाण्यातल्या शिंका खऱ्या आहेत, रजतच्या, गिरणीत उभं करून काढलेल्या. आणि तुम्ही स्टेजवर एकाच पायात चप्पल घालता त्याचा तर लोकांनी केवढा अर्थ लावला आहे. एक पाय गावात, एक पाय शहरात. वा रे वा. तुझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी एक चप्पल नालीत पडली आणि दुसरी भिजली, म्हणून भिजलेलीच घालून तू चढलास, एवढीच ती गोष्ट. नालीची घाण अंगावर घेऊन नाव काढलं आणि लोक त्यात तत्त्वज्ञान शोधतात.

सगळ्यात जास्त शिसारी मला येते ती तुमच्या त्या शेवटच्या आरोळीची. तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडली, “दूध उतू गेलं वं माय!” आणि तू ते गाण्यात घातलंस. आता म्हणे हजार पोरं हात वर करून तेच ओरडतात. घरातल्या बाईचं उतू गेलेलं दूध काय चौकात मांडायची गोष्ट आहे? मी हे तिला म्हणालो. ती म्हणाली, “माझं दूध, माझा आवाज, तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?” मी तिथून उठून गेलो.

पोटात काहून दुखतं ते तिला माहीत आहे. तुला अर्धंच माहीत असेल, कारण तू तेव्हा लहान होतास. मी सातवीपर्यंत शिकलो, पण माझ्या तोंडाला अख्ख्या सीताबर्डीत तोड नव्हती. ऑटोवर दोन भोंगे बांधून मी साड्यांचे सेल सांगितले, सर्कस सांगितली, पाणी येणार नाही तेही सांगितलं. व्हरायटी चौकात मी बोलायला लागलो की पानठेल्यावरचे रेडिओ बंद व्हायचे. माणूस बघून वाक्य बदलायचो. बाई दिसली की रंग सांगायचो, म्हातारा दिसला की सूत सांगायचो. धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर चुकलेल्या माणसांची नावं पुकारायला मला बसवत. आई हरवलेल्या लेकराला आणि लेकरू हरवलेल्या आईला एकाच आवाजात पुकारून चालत नाही, ते मला येत होतं.

मग साड्यांच्या दुकानाचा ताराचंद शेठ म्हणाला, “देवाजी, धूप में क्यों घूमता है, एक बार आराम से पंखे के नीचे बोल दे.” मला वाटलं माझा मान ठेवतोय. पंख्याखाली बसलो, चहा प्यायलो, मशीनसमोर बोललो. त्यानंतर त्याने मला कधी बोलावलं नाही. तीच कॅसेट दिवाळीला, तीच उन्हाळ्यात. बाकीच्या दुकानदारांनीही तिच्या नकला करून घेतल्या आणि आपापली नावं मध्ये घुसडली. मी बर्डीवर काम मागायला जायचो आणि मागून माझाच आवाज मला ऐकू यायचा. माझंच तोंड माझं पोट मारत होतं. त्या दिवसापासून मशीन दिसलं की मला ओकारी येते. म्हणून तू जेवताना ते तुझं आवाज टिपायचं डबडं माझ्यासमोर धरलंस तेव्हा मी ते ढकललं आणि म्हणालो, माझ्या तोंडासमोर हे पुन्हा आणायचं नाही. तू शब्द पाळलास. मोरी घेतलीस, मिक्सर घेतलास, आत्या घेतलीस, शेजारच्यांचा कुत्रा घेतलास. मला नाही घेतलंस. एवढा आज्ञाधारक तू शाळेत असतास तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात दीक्षाने पानावर प्रश्न टाकला की अंकुशच्या घरातला कोणाचा आवाज एकाही गाण्यात नाही? लोकांनी उत्तर बरोबर दिलं, बापाचा. पण का नाही, त्यावर जे लिहिलं ते ऐकून माझं डोकं तापलं. एक म्हणतो बाप मेला आहे. दुसरा म्हणतो बापलेकांचं पटत नाही. आणि बऱ्याच जणांनी लिहिलं की बाप मुका आहे. मी! दीक्षा म्हणाली, “आबा, खरं काय लिहू? तुम्ही गाण्यात बोलतच काहून नाही?” मी तिला हाताने घालवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मेट्रोने बर्डीला गेलो, ताराचंदकडे. ताराचंद आता नाही. त्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. गल्ल्यावरच्या मुलाला कॅसेटबद्दल विचारलं. तो म्हणाला, “काका, कॅसेट म्हणजे काय?” आजूबाजूच्या चार दुकानांत विचारलं. कुठेच नाही. माझा आवाज कुठेच उरलेला नाही हे समजल्यावर मी व्हरायटी चौकात येऊन उभा राहिलो. सगळीकडून भोंगे वाजत होते. एकालाही बोलता येत नव्हतं.

आता कारण लिहितो. घाबरू नकोस, दोघांच्या वाटणीचं मीच घाबरून घेतलं आहे. माझा घसा बसला आहे हे आईने तुला फोनवर सांगितलं असेल, तो खोकल्याने नाही. इतकी वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, तो आता मला खातो आहे. मोठ्या दवाखान्यात नळी घालून पाहिलं. गुरुवारी भरती करतील आणि शुक्रवारी आवाजाची पेटीच काढतील. जीव राहील म्हणतात, बोलणं राहणार नाही. तुझ्या आईला ऑपरेशन माहीत आहे, बोलण्याचं माहीत नाही. ते सांगायला मला तू जवळ हवास. म्हणून बुधवारी ये आणि ते तुझं किळसवाणं डबडं घेऊन ये. मी त्याच्यासमोर बसतो. पंखा लाव, नको लावू, तुझी मर्जी. तू विचारशील ते सांगेन. नाही विचारलंस तर घरातल्या सगळ्यांना एकदा नावाने हाक मारेन, तुला, तुझ्या आईला, वच्छलालाही. ते गाण्यात घालायचं की नाही हे तू ठरव. पण एक प्रत आईच्या मोबाइलमध्ये टाक. दुपारी ती एकटी बोलत बसते आणि मी तिच्यावर खेकसतो. त्या खेकसण्याची तिला सवय आहे, पुढे घर फार शांत होईल. हे पत्र मिळालं की फोन करू नकोस, मी उचलणार नाही. घशात आहे तेवढा आवाज तू येईपर्यंत खर्च करायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

तुझाच,
बुधवारपर्यंत गप्प बसलेला बाप,
देवाजी