भाकरीवर बसलेली ओळ

अप्पा,

काल धारवाडहून एक बाई आल्या होत्या. तुमचा कवितासंग्रह पुन्हा निघतोय, त्याचं संपादन त्या करताहेत. जवाहर नगरच्या आपल्या घरात तुमच्याच खुर्चीत बसून त्यांनी एक कविता वाचली आणि माझी बोटं आपोआप टेबलावर ताल धरू लागली. त्यांचा चेहरा उजळला. "कन्नड येतं की तुम्हाला. मला वाटलं, जयपुरात वाढलात, राहून गेलं असेल." मी म्हणाले, "घरचीच भाषा." धडधडीत खोटं.

मला येतो तो फक्त ताल. सुट्टीच्या सकाळी आई भाकऱ्या थापायची आणि तुम्ही पाट ओढून शेजारी बसायचात. रेल्वेच्या ऑफिसात आठवडाभर घोळवलेली ओळ तिच्या थापण्यावर म्हणून बघायचात. अडखळली की शब्द बदलायचात, पुन्हा म्हणायचात. आईला कन्नड कळत नव्हतं, मला तर नाहीच. तरी तुम्ही विचारायचात, "बसली का गं?" मी मान डोलावली की मगच ती कागदावर उतरायची. जुन्या कन्नड काव्यावर मोठमोठे लेख लिहिणारा माणूस, आणि परीक्षक मी.

मग एकदा बाहेरच्या खोलीत मैत्रिणी बसल्या होत्या. "तेरे पापा क्या बड़बड़ा रहे हैं?" एकीनं विचारलं. मी आत येऊन म्हणाले, "अप्पा, बंद करा ना. मतलब, लोक हसतात." तुम्ही रागावला नाहीत. फक्त त्यानंतर दार लावून लिहू लागलात, आणि आई नुसत्याच भाकऱ्या थापायची. रागावला असतात तर आज इतकी लाज वाटली नसती.

काल बाईंनी तुमच्या शेवटच्या, अजून न छापलेल्या कवितेचे दोन कागद पुढे ठेवले. शेवटची ओळ दोन तऱ्हांची, दोन्ही तुमच्याच हातच्या. दाराआडची कविता ती, भाकरीवर म्हणून पाहिलेली नाही; म्हणून तर दोन राहिल्या. "त्यांना कोणती हवी असेल? तुम्हीच सांगा." अर्थ विचारायची सोय मी स्वतःच घालवून बसले होते. दोन्ही मोठ्यानं वाचायला लावल्या, टेबलाखाली मांडीवर हात थापत राहिले, आणि दुसरीवर बोट ठेवलं. आता तीच छापली जाईल.

सकाळपासून त्यांना फोन करायला घेते आणि ठेवून देते. खरं सांगायलाच हवं. पण अप्पा, ती ओळ बसली होती. तिचा अर्थ काय, हे मात्र मी तुम्हाला कधीच विचारलं नाही, एकाही ओळीचा.