उतरवलेली घोंगडी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. २६ एप्रिल २०२६

चि. राजाबाई हीस,
त्रिंबकदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दूरध्वनीवर मी ओरडतो आणि तू रडतेस, म्हणून पत्र लिहीत आहे. माऊलीचे लग्न बंगळूरला यथासांग पार पडले, असे तुला छायाचित्रांवरून वाटले असेल. तसे झाले नाही. तुझ्या गुडघ्यांनी तुला घरी बसवले, हे एका अर्थी बरेच झाले. आपल्या भावाची फजिती तुला डोळ्यांनी पाहावी लागली नाही.

माझी हिरवी पिशवी तुला ठाऊक आहे. तिच्यात तुझ्या वहिनीची, आवडाबाईची घोंगडी होती. आपण कळप विकला, त्याआधीच्या शेवटच्या कातरणीची ती लोकर. आवडाबाईने ती दोन हिवाळे चातीवर कातली. माझा मुलगा आणि सून लग्नानंतर जागरणाला तिच्यावरच बसले होते. नातू माऊलीही नवरीसह तिच्यावरच बसावा, एवढे एकच मागणे ठेवून ती बिचारी गेली. म्हणून मी ती पिशवी स्वतः बांधली आणि तिच्यावर ठळक देवनागरीत माझे संपूर्ण नाव लिहिले. आपले नाव रोमन लिपीत लिहिण्याची लाचारी मी आजवर केलेली नाही.

बंगळूरला उतरलो. सामानाचा पट्टा फिरत राहिला, पिशवी आली नाही. तेथील बाईंनी हसतमुखाने सांगितले, की विमानाचे वजन जास्त झाल्यामुळे नऊ पिशव्या संभाजीनगरलाच उतरवल्या आहेत आणि त्या उद्या येतील. दुसऱ्या दिवसाचे विमानच रद्द झाले. इंधन महागले म्हणून कंपनीने रोजची फेरी आठवड्यातून तीन दिवसांवर आणली होती. अखेर माऊली आणि सृष्टी कार्यालयाच्या फुलाफुलांच्या सतरंजीवर बसले. इथून नेलेला वाघ्या सतरंजीकडे पाही, मग माझ्याकडे पाही. मी खाली पाहत होतो.

पिशवीचा आजतागायत पत्ता नाही. कंपनीचे तीन ओळींचे उत्तर आले. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. तांबड्या शाईने गोल करून ते मी साभार परत पाठवले.

आता नीट वाच. विमानाला हात नसतात. ती पिशवी कोणाच्या तरी हाताने उतरवली आहे. मला त्या माणसाचे नाव हवे आहे, आणि तो हात त्या विमानतळावर पुन्हा कामाला लागता कामा नये. तोवर मी गोड खाणार नाही. तुझी नात शालू त्याच कंपनीत सामान चढवणाऱ्यांवर देखरेख करते. लहानपणी शिक्षणासाठी ती दोन वर्षे आमच्या घरी राहिली, आवडाबाईच्या हातचे जेवली. तिला नाव विचारून मला कळव.

तुझा लोभ आहेच. या कामी तो थोडा उपयोगी पडावा.

तुझा,
त्रिंबक पुंजाराम

ता. क. मागच्या पत्रात तू ‘आशिर्वाद’ लिहिले होतेस. ‘शी’ दीर्घ.


फर्दापूर
ता. ४ मे

ती. दादास,
राजाबाईचा शि. सा. दंडवत.

पत्र पोचलं. ‘शी’ दीर्घ केली. ती तुला ऱ्हस्व पायजे असंल तर तसं कळव.

रविवारी शालू आली व्हती. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. मंग तिनं मला समदं समजावून सांगितलं, ते जसं कळलं तसं लिवते. इमानाचं तेल यंदा लई महाग झालंय. दर महिन्याच्या एक तारखेला नवा भाव येतो, आन् त्या दिशी साहेबाच्या तोंडाकडं बघवत नाय. बंगळूरला तेल आपल्यापेक्षा महाग पडतं, म्हनून जायचं आन् यायचं, दोन्ही खेपांचं तेल इथंच भरून घ्या असा वरून हुकूम हाय. तेलाचं वजन वाढतं. त्यात आपलं हे ऊन. हवा तापली की इमानाला जड घेऊन उठवत नाय. मान्सं खाली उतरवता येत नायत, म्हनून पिशव्या उतरवायच्या. कंपनीचं तेल वाचतं, पिशवी इथं ऱ्हाती.

दादा, हे कुनी खुन्नस धरून करत नाय. दहा मिंटात नऊ पिशव्या काढा म्हनलं की मानूस काढतो. तू नाव नको इचारू. झालं ते झालं. पिशवी हुडकायचं काम शालू करतीय, तेवढं तिला करू दे.

आमच्याकडं बी तेलाचीच कथा. इमानं कमी झाली तशी लेणी बघनारी गोरी मान्सं कमी झाली. लेण्यांच्या फाट्यावरल्या टी पॉइंटवर तुझा भाचा मोतीराम दगडाच्या माळा मांडून दिवसभर माशा हाकलतो.

गोड सोडलंस ते लई चांगलं केलंस. डागदर दहा वर्सं हेच सांगत व्हता, त्याचं ऐकलं नायस.

माया हाय तेवढी ठेव, राग तेवढा कमी कर.

तुझी भन,
राजाबाई


पुंडलिकनगर
दि. १४ मे २०२६

चि. राजाबाई हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इंधनाचे गणित तू लिहिलेस ते मला समजले. तुझ्या अक्षरात इतके स्पष्ट विवेचन मी प्रथमच वाचले. परंतु तेल आवडाबाईने महाग केलेले नाही. कंपनीला भार कमी करायचा होता, तर तिने दारात येऊन सांगायचे होते. मी घोंगडी खांद्यावर टाकली असती आणि माझे कपडे, औषधे, आहेर, सगळे तिथेच सोडले असते. मला कोणी विचारले नाही. न विचारता माझ्या घरातली शेवटची वस्तू उचलून उन्हात ठेवली.

आजवर कंपनीला अकरा पत्रे लिहिली. कोणते वाक्य कुठे बोचते, हे मला आता अचूक कळू लागले आहे. अकराव्या पत्रानंतर काल त्यांचे एक अधिकारी स्वतः घरी आले. पाणी प्यायले. घाम पुसत म्हणाले, की निम्मी मिळकत इंधनच खाते, त्यामुळे सामानाकडची सात माणसे चारवर आणायची आहेत, आणि कोणाला काढावे हे ठरत नाही. पुढे अगदी हळू आवाजात म्हणाले, की ज्येष्ठ नागरिकांची पिशवी उतरवू नये असा त्यांचा नियम आहे. मी लेखी आग्रह धरला, तर संबंधितावर कारवाई करता येईल. मला ती हवी आहे का, असे त्यांनी विचारले.

मी त्यांच्यासमोर कागद घेतला. कारवाई हवी, असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली संपूर्ण नावाने सही केली. नाव त्यांनी सांगितले नाही, मीही ताणले नाही. निकाल लागला की कळेलच.

शालूच्या मौनाचे मात्र मला वाईट वाटले. ती सहकाऱ्याला पाठीशी घालत असावी. हे तिने माझ्याकडून घेतलेले नाही. शाळेत मी मुख्याध्यापक असताना मोतीराम उशिरा आला, तेव्हा दाराबाहेर पहिला त्यालाच उभा केला होता, हे तुला आठवत असेल. तू तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. शिक्षा आधी घरच्याला, मग परक्याला. माझ्या हाताखाली वाढलेल्या पोरीला हे वेगळे सांगावे लागू नये.

ज्या दिवशी त्या माणसाला घरी बसवतील, त्या दिवशी मी गुलमंडीवर जाऊन पावशेर जिलबी खाणार आहे. आवडाबाईला ती आवडे.

आशीर्वाद आहेतच; रुसवा असेल तर तोही कळव.

तुझा,
त्रिंबक पुंजाराम


फर्दापूर
ता. २७ मे

दादास दंडवत.

जा, जिलबी खा.

शालूला कामावरून काढलं. तुझी पिशवी तिनं उतरवली व्हती.

आता सगळं लिवते, मधी थांबू नको. त्या दिशी नऊ पिशव्या काढायचा हुकूम आला. आठ काढल्या. नववीला दोनच हाताशी उरल्या. एक कुन्या लेकुरवाळ्या बाईची, आन् एक हिरवी. हिरवीवरलं अक्षर पोरीनं लांबूनच वळखलं. त्याच अक्षरानं तिला बाराखडी शिकवली व्हती. आत घोंगडी हाय हे तिला ठाव नव्हतं. ती म्हनली, परक्या बाईची उतरवली तर ती तिकडं लेकरू घेऊन रडंल, आजोबा आपले हायत, त्यायनी शिकवलंय आधी घरच्याला. उद्याच्या इमानात आपन हातानं पिशवी चढवू. उद्याचं इमान त्याच सांजेला रद्द झालं. पुढच्या खेपेला तिनं चढवली, तर तिकडं चिठ्ठी फाटली, आन् तुझं ठळक देवनागरी तिथं वाचायला कुनी नव्हतं. पिशवी बंगळूरहून हैदराबादला गेली, तिथून अजून कुठं गेली.

त्या रविवारी मी तुझं पत्र वाचलं. तो हात कामाला लागता कामा नये, हे तू लिवलेलं मी मोठ्यानं वाचलं. पोरगी आपल्या हाताकडं बघत बसली. तवाच तिनं मला सांगितलं आन् गळ्याची शपथ घातली, की आधी पिशवी हुडकते, मंग सोता जाऊन आजोबांच्या पाया पडते. म्हनून मी तुला लिवलं, नाव नको इचारू. मपल्या भावाला इतक्या साध्या शब्दांत सांगून कळंना, एवढा तू शिकलास.

१९ तारखेला पिशवी आली. शालूनं ती सही करून ताब्यात घेतली, दुसऱ्या दिशी सुट्टी घेऊन तुझ्याकडं येनार व्हती. दुसऱ्या दिशी सकाळी साहेबानं बोलावलं. तिघांना काढायचंच व्हतं, पन कारन एकट्या तिच्याच कागदावर व्हतं. तिनं इचारलं कुनी तक्रार केली, तर त्यानं तुझी सही दाखवली. ते अक्षर तिनं दुसऱ्यांदा वळखलं.

ज्या खुर्चीवर बसून तू ती सही केलीस, त्याच खुर्चीवर ती दोन वर्सं अभ्यास करायची.

पिशवी माझ्याकडं हाय. तुला ती मिळनार नाय. रोज सकाळी मी गुडघे धरत घोंगडी टी पॉइंटवर नेते आन् मोतीरामच्या दुकानात शालूला बसायला आथरते. नोकरी गेलेल्या पोरीला बसायला काय तरी पायजे. येनारे-जानारे तिच्यावर पाय ठेवून माळा बघत्यात. तुला सूड पायजे व्हता, तो तू घेतलास. हा माझा.

शालूला हे पत्र दाखवलेलं नाय. ती असलं लिवू देत नाय.

राजाबाई


पुंडलिकनगर
दि. ९ जून २०२६

चि. राजाबाई हीस,
आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे आज वाटत नाही. तरी रीत म्हणून लिहितो.

तुझे पत्र आले, त्याच दिवशी मी कंपनीला बारावे पत्र लिहिले. तक्रार मागे घेतली. दोष माझा आहे, मुलीला परत घ्या, असे स्पष्ट नमूद केले. त्यांचे उत्तर या वेळी निर्दोष होते. माझ्या तक्रारीची दखल घेऊन योग्य ती कारवाई झाली असल्याने प्रकरण बंद करण्यात आले आहे, आणि इंधनाचे दर उतरेपर्यंत १ जूनपासून संभाजीनगरची सेवाच स्थगित आहे, असे त्यांनी कळवले. मी विमानतळावर जाऊन आलो. त्यांच्या खिडकीवर आता पाटीसुद्धा नाही. इतके दिवस ज्यांच्यावर दात धरला, त्यांनी माझ्या सहीने एक माणूस कमी केले आणि दार लावून ते निघून गेले. ती सही त्यांना फुकट मिळाली.

गुरुवारी मी बसने टी पॉइंटला आलो होतो. तुला कळवले नाही. रस्त्याच्या पलीकडे उसाच्या गाड्यामागे सुमारे अर्धा तास उभा होतो. दुकान दिसले. घोंगडी दिसली, तिचा तांबडा काठ उन्हात अजून तसाच आहे. तिच्यावर बसून शालू एका म्हाताऱ्या परदेशी बाईला माळ दाखवत होती आणि दोन्ही हातांनी काहीतरी समजावत होती. त्या हातांकडे मला पाहवले नाही. पुढची बस आली, तिच्यात बसलो.

घोंगडी मागण्यासाठी हे पत्र नाही. मी शालूची माफी मागतो. हे वाक्य तीन कागदांवर लिहून पाहिले. याहून चांगले होत नाही. ते तिला वाचून दाखव.

जिलबी खाल्लेली नाही.

उरला असेल तेवढा लोभ ठेव.

त्रिंबक


फर्दापूर
ता. १६ जून

ती. दादास,
दंडवत.

तुझं वाक्य शालूला वाचून दाखवलं. गुरुवारी तिनं तुला पाहिलं व्हतं. उसाच्या गाड्यामागं एवढा उंच मानूस लपत नाय. तिनं मोतीरामला दोन चहा सांगितले. एक ती प्याली, दुसरा झाकून ठेवला. तू एष्टीत चढलास तवा चहा गार झालेला व्हता. त्यो मी रस्त्यावर ओतला.

शालूनं माफ केलं. तिनं तर घोंगडी घडी घालून पिशवीत बी भरली, की आजोबांना पोचती करा म्हनून. मी परत काढली. माफी तिची हाय, पिशवी माझ्याकडं हाय. ती पोरगी तुझ्यासारखी नाय. मी हाय. मी तुझीच भन हाय.

चंपाषष्ठीला इथं फर्दापुरात जागरन घालते. माऊलीला आन् सृष्टीला घेऊन ये. घोंगडी तवर धुऊन ठेवते. आवडावहिनीचं मागनं व्हतं तशी दोघं तिच्यावर बसतील, आन् त्यायच्या शेजारी शालू बसंल. तू वाघ्याच्या मागं उभा ऱ्हा, जागरन संपस्तोवर. खुर्ची मागू नको, मी सांगून ठेवलंय.

माया तोडलेली नाय. बसायला जागा तेवढी नाय.

तुझी भन,
राजाबाई