तेरावं शून्य

पप्पा, आपल्या भुईगावच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारावरचा तुमचा आकडा आईने या ईस्टरनंतर खरवडला. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि गणितातलं या घरात आता माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

शाळेतून निवृत्त झालात त्या उन्हाळ्यात तो तुम्ही पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलात. एक, मग तेरा शून्यं, मधे सहाशे सहासष्ट, पुन्हा तेरा शून्यं, शेवटी एक. मी शेजारी उभी आहे. "कुठूनही वाच, तोच. आणि एवढा लांबलचक असून मूळ संख्या! एक आणि तो स्वतः, बाकी कुणाचा भाग जात नाही," तुम्ही म्हणता. आई चुलीपासून ओरडते, "तुमच्यासारखाच हट्टी! आनि पोटात सैतानाचा, बायबलातल्या श्वापदाचा आकडा. फादर घर आशीर्वादायला आले की काय सांगू?" तुम्ही नुसते हसता. दरवर्षी फादर यायच्या दिवशी ती त्यावर कॅलेंडर टांगायची, ते गेले की तुम्ही काढायचात.

मग एका सकाळी बागेतून येऊन त्याच दाराच्या उंबऱ्यावर बसलात ते उठलाच नाहीत. आईच्या मनाने घेतलं, त्या आकड्याने तुम्हाला धरून ठेवलंय. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात एकटी थांबली नाही. भाकरी थापताना दाराकडे बघून विचारायची, "अजून हायेत का गं?" भुतंबितं नसतात, असं मी चिडून म्हणायचे. पण त्या दाराकडे पाठ करून मीही कधी बसले नाही. फळ्यावर लिहिताना तुम्ही मधेच दम टाकायचात, तसा श्वास मला तिथे ऐकू यायचा.

यंदा फादर यायच्या आदल्या दिवशी तिने विळा घेतला. मधल्या आकड्याला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून दोन्ही बाजूंचं एकेक शून्य काढलं. "बारा प्रेषित इकडे, बारा तिकडे," ती म्हणाली. "येशूच्या शेवटच्या भोजनाला तेरा जन बसले, त्याचं काय झालं ठाऊक हाय ना? आता सोडील तो त्यांना."

मी संगणकावर पाहिलं. उलटसुलट वाचला तरी अजून तोच आहे, पण मूळ राहिला नाही. भाग जातो. आईला सांगितलं नाही, नाहीतर वर्षभर "मी म्हणत नव्हते?" ऐकावं लागलं असतं.

त्या दिवसापासून दारात काहीच ऐकू येत नाही. परवा ती दोन शून्यं पुन्हा रंगवायला ब्रश घेऊन गेले. आत आई एकटीच मासे तळत होती, चक्क गुणगुणत. मी तशीच मागे फिरले.

ती म्हणते तुम्ही सुटलात. बरं झालं, असं मीही तिच्यासमोर म्हणते. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून लिहिते, पप्पा: मला तुम्ही सुटायला नको होतात.