वरच्या खोलीतला खांब

घमापुर, जबलपूर
४ डिसेंबर २०२४

ती. स्व. विनतामावशीस,
अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि.

तू घरात फोनच ठेवत नाहीस, ते कळतं. दोन वर्षांपूर्वी तुझी मेघना गेल्याची खबर फोनवरच आली होती. पण तुझ्याकडे फोन असता तरी मी पत्रच लिहिलं असतं. काही गोष्टी तोंडाने निघत नाहीत. माझं मराठी आधं हिंदी आहे, ते सांभाळून घे.

मेघनाताईचा नाचायचा स्टीलचा खांब बाबांनी परत वरच्या खोलीत लावून दिला. मीच हट्ट केला. ताई गेल्यापासून तो जिन्याखाली पोत्यात गुंडाळलेला होता. येता-जाता पाय लागला की मी नमस्कार करायची. तिने इथे राहून दवाखान्याची नोकरी केली, संध्याकाळी त्या खांबावर नाचली, मला नाचायला शिकवलं. आणि तिथूनच पडली. मला तो भंगारात जाऊ द्यायचा नाही. फेब्रुवारीत भोपाळला स्पर्धा आहे, माझं नाव मी देऊन टाकलं.

आई बोलत नाही माझ्याशी. म्हणते, आधी माझी भाची गेली, आता पोटची पोर तिथेच लटकून राहिली. शेजारच्या काकूंना चिंता वेगळी, मुलीची चड्डी इतकी आखूड काहून. बाबांनी त्यांना समजावलं की कातडीच धरते, कापड घसरतं. बाबा सांगत होते की त्यानंतर काकू दोन मिनिटं खांबाकडेच पाहत होत्या.

आता खरं काम. माझी पकड राहिलेली नाही. तळव्यांना पाणी सुटतं, आणि पाय थंडीने असे सुकलेत की गुडघ्यामागे खांब अडकवला की सर्रकन घसरतो. ताई ज्या उलट्या लटकण्यात पडली, तेच मला करायचं आहे. बाजारातली क्रीमं लावून पाहिली, आणखी घसरते. ताईच्या हातापायांना लावायच्या औषधाच्या बाटल्या तू भरून पाठवायचीस, ते मला आठवतं. तुला हे विचारणं बरं नाही, जाणते. पण दुसऱ्या कुणाला विचारू?

रागावलीस तरी लिही.

तुझी
अपूर्वा

*

यवतमाळ
१२ डिसेंबर २०२४

चि. अपूर्वास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तीन दिवस घडी घालून ठेवलं होतं. आज भांडी घासताना वाटलं, पोरीने घसरण्याबद्दल विचारलंय आणि आपण गप्प बसलो, तर मग आपण कसल्या मावश्या.

तळव्यांना तुरटी. कोमट पाण्यात खडा फिरव, तळवे थोडा वेळ बुडव, पुसू नको, आपोआप वाळू दे. हे रोज कर, एक दिवस करून उपयोग नाही. काळ्या चहाचं गार पाणीही चालतं, पण त्याने हात पिवळे पडतात, मेघना कुरकुर करायची. पायांना उलटं औषध. तिथे ओल हवी. गुलाबपाण्यात ग्लिसरीनचे थोडे थेंब घाल, गुडघ्यामागे आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोटाने अगदी पातळ लाव, आणि चिकट लागेपर्यंत थांब. घाई केलीस तर साबणासारखं निसटेल. नाचायच्या दिवशी तेल, साय, लोणी अंगाला लागता कामा नये. खांब स्पिरिटच्या फडक्याने पूस.

आणि थंडीत खांब आधी तापवायचा. गार स्टीलला कातडी धरत नाही. मेघना दोन्ही हात वेढून तो तापवत असे, तुझ्यासाठीसुद्धा. तुला आठवत असेल, तू तोवर पायरीवर बसून शेंगदाणे खायचीस.

खाली जाड गादी घाल. एकटी चढू नकोस. शर्मिलेवर रागावू नकोस, तुझी आई आहे ती. तिला जे वाटतं ते मला दोन वर्षं वाटतंच आहे.

माया आहे तशीच आहे, कमी समजू नये.

तुझी
मावशी

*

घमापुर, जबलपूर
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुरटीने कमाल केली. तळवे आता कोरडे राहतात, पायही धरतात. सगळं तू सांगितलं तसंच करून राहिली.

पण एक गोष्ट आहे. हसू नकोस.

मी दुपारी जेवून वर जाते. खोलीला खिडकी एकच, उत्तरेची, तिथे ऊन येत नाही. फरशीवर पाय ठेववत नाही इतकी थंडी. खांब तापवायला हात लावला तर खालचा भाग बर्फ, वरचा बर्फ, आणि माझ्या कपाळाच्या उंचीला वीतभर जागा उबदार. कुणी आत्ताच हात काढून घेतल्यासारखी. ताई माझ्याहून उंच होती ना. ती तिथेच धरायची.

पहिल्यांदा मी खालीच पळून आले. नंतर रोज तसंच. बाबांनी विजेवाल्या आलोकभैयांना बोलावलं, भिंतीत तार कुठेच नाही. बाबांनी स्वतः हात लावला, म्हणाले, स्टील आहे, धरतं ऊब. पण माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी. आई जिन्याच्या वर येतच नाही. ती म्हणते, जिने एकीला नेलं ती जागा आता दुसरीला हात दाखवते आहे, खांब उद्याच भंगारवाल्याला देते. खूप रडली. शेवटी म्हणाली, विनता सांगेल तसं करू, तिचंच लेकरू गेलं.

मावशी, मी घाबरते, हे खरं. उलटी लटकायला गेले की वाटतं, ही ऊब मला धरून ठेवायला आहे की सोडवायला? तिथपर्यंत हात जातो, आणि उलटं न होता मी खाली उतरते. हे औषधाने जाणार नाही.

तू म्हणशील तर मी स्वतः खांब सोडवून देते. पण तू ये. एकदा हात लावून सांग.

तुझी
अपूर्वा

*

यवतमाळ
२८ डिसेंबर २०२४

चि. अपूर्वास अ. उ. आ.

तेराव्यानंतर मी जबलपूरला पाय ठेवला नाही. ठेवणार नाही असं म्हणालेही होते. शर्मिलेला सांग, भंगारवाल्याला थांबव. मी येते आहे. स्टेशनवर तुझ्या बाबांना पाठव, तू येऊ नकोस. तुझी चाल तिच्यासारखी आहे, गर्दीत नको.

मावशी

*

यवतमाळ
१४ जानेवारी २०२५

चि. अपूर्वास,
अनेक उत्तम आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या डब्यात पाठवला आहे, शर्मिलेच्या हाती दे, अर्धा तूच संपवशील.

सुखरूप पोचले. तुझ्या आईने वाटेत खायला दिलेल्या पुऱ्या इटारसीपर्यंतही उरल्या नाहीत. गाडीत एका बाईने विचारलं, मुलं किती. दोन वर्षं मी या प्रश्नाला मान फिरवत आले. या वेळी म्हटलं, एक मुलगी होती, मेघना, नाचायची. बाईने मला संत्रं सोलून दिलं.

तिथे तोंडाने सांगता आलं नाही, ते आता लिहिते.

पहिल्या दुपारी तुम्ही सगळे खाली होतात, तेव्हा मी एकटी वर गेले. पदराने हात पुसले आणि तू सांगितलेल्या जागी धरला. खांब थंड होता. वर-खाली सगळीकडे हात फिरवून पाहिला. सगळीकडे सारखाच थंड. मी तिची आई. तिला पोटात वाढवलं, तिच्या बाटल्या भरल्या. आणि तिने माझ्यासाठी बोटभर जागाही उबदार ठेवली नव्हती. मला इतका राग आला, पोरी, की मी तिला मोठ्याने बोलले. लहानपणी ती उन्हात खेळून उशिरा आली की मी बोलायची, तसंच. मग रडले. ती गेली त्या दिवसापासून मी कुणासमोर किंवा एकटीही रडले नव्हते. खांबाला गाल लावून, दोन्ही हातांनी तो कवटाळून बसले. नंतर उभी राहून जिथे तिचा हात पोचे तिथेच धरून राहिले, हात दुखेपर्यंत.

तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस. कप खाली ठेवलास, खांबाला हात लावलास आणि तुझा चेहरा उजळला. म्हणालीस की मावशी, आज तर किती उबदार आहे, आजवर इतका कधी नव्हता. आणि घाबरली नाहीस. गादी ओढलीस, चढलीस, गुडघ्यामागे खांब अडकवून हात सोडलेस, आणि माझ्यासमोर उलटी लटकलीस. केस फरशीला टेकत होते. तू हसत होतीस. दारात शर्मिला येऊन उभी होती, तुला दिसली नाही. तिने तोंडावर पदर धरला होता, पण ती आत आली, तुझ्या डोक्याखाली हात धरून उभी राहिली.

म्हणून मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं, खांब राहू दे.

तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू लटकलेली होतीस. त्या दुपारी तो खांब मी तापवला होता. त्याआधी इतके दिवस कोणी तापवला, ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. भोपाळला जाशील तेव्हा मला आधी बोलाव. तिथला खांबही थंडच असणार.

आपल्यातली माया अशीच हाताला लागत राहो.

तुझी
मावशी